गाडी तुमच्या नावावर आणि तुमच्या हाताच्या मापाची

पत्र

ताई, मी दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे, राहायला इंदिरानगरला. रोजचं जाऊन-येऊन ५५ किलोमीटर होतं. आतापर्यंत स्कूटीने निमाणीपर्यंत, तिथे ती लावून एसटी, आणि उतरल्यावर शाळेपर्यंत जे मिळेल ते, असं चाललंय. आता मान आणि कंबर दोन्ही धरतात. साडेतीन लाख साठवले आहेत. पगार हातात ५४ हजार येतो, घराचा हप्ता मिस्टर भरतात. दिरांनी ओझरच्या एका ओळखीच्यांची २०१६ ची डिझेल एसयूव्ही साडेपाच लाखांना बघून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, पहिली गाडी जुनीच घ्यावी, हात बसेपर्यंत घासणारच; शिवाय घरातले सगळे एकदम बसतील. मिस्टर म्हणतात, घ्यायचीच तर नवी मोठी घेऊ, सात वर्षांचा हप्ता करू. मला दोन्ही गाड्यांची भीती वाटते. लायसन्स आठ वर्षांपूर्वी काढलं, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही. सासूबाईंना पाडव्याला गाडी दारात हवी आहे आणि त्याच आठवड्यात सप्तशृंगी गडावर दर्शनाला जायचंय. शाळेतल्या दोन मॅडम पंचवटीतून सोबत येतील, पैसे देऊ म्हणतात. ते घ्यावेत का? काय करू?

— एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

तुमच्या पत्रात दिरांचं मत आहे, मिस्टरांचं आहे, सासूबाईंचंही आहे. तुमचं मत मात्र एका वाक्यात संपलंय, भीती वाटते एवढंच. पैसे तुमचे, रस्ता तुमचा, आणि सकाळी साडेसहाला किल्ली तुमच्याच हातात असणार. मग गाडी तुमच्या हाताच्या मापाचीच हवी. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: नवी, छोटी, कंपनी फिटेड सीएनजीची हॅचबॅक घ्या, हप्ता पाच वर्षांचा करा, आणि आरसी (गाडीची नोंदणी), कर्ज, विमा हे तिन्ही तुमच्या नावावर ठेवा. ओझरची एसयूव्ही नको.

आधी त्या एसयूव्हीबद्दल, कारण घरात तिचाच आग्रह जास्त होणार. सातपूरला महिंद्राचा कारखाना असलेल्या आपल्या गावाला मोठ्या गाडीचं प्रेम जरा जास्तच आहे, आणि दिरांचा हेतू चांगलाच आहे, हे मला मान्य. पण ती गाडी आता दहा वर्षांची झाली. डिझेल इंजिन या वयात एकदा खर्चाला लागलं की इंजेक्टर, टर्बो, क्लच, सस्पेन्शन अशी रांग लागते, आणि त्यातलं एकेक काम तुमच्या महिन्याच्या पगाराचा मोठा घास घेतं. त्याहून मोठी गोष्ट सुरक्षेची. आपल्याकडे नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून. म्हणजे २०१६ च्या गाडीचं खालचं व्हेरिएंट असेल तर त्यात यातलं एकही नसू शकतं. बाहेरून भक्कम दिसणारा पत्रा बघून हे कळत नाही. दिरांना एवढंच विचारा, एअरबॅग आहेत का आणि किती.

राहिला 'घासणारच' हा मुद्दा. घासू दे की. बंपर घासला तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जायचं, काही हजारांत काम होतं. दहा वर्षांची जुनी गाडी मात्र रोजच्या ५५ किलोमीटरमध्ये कधी तरी ढकांब्याच्या पुढे बंद पडेल, आणि तेव्हा तुमच्यासोबत दिर नसतील. शिकण्यासाठी जुनी गाडी हा सल्ला घरासमोर उभ्या राहणाऱ्या, रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीला लागू आहे. ज्या गाडीवर शाळेची हजेरी अवलंबून आहे तिला नाही.

आणि हा रस्ता कसा आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. सकाळी मुंबई नाका, मग द्वारका, तिथलं पाऊल-पाऊल सरकणं, पुढे निमाणी, दिंडोरी नाका, म्हसरूळ. तिथून पुढे रस्ता मोकळा होतो आणि खरी काळजी तिथेच सुरू होते. द्राक्षाच्या हंगामात संध्याकाळी परतताना समोर ट्रॉली असते, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वर क्रेट रचलेले, आणि समोरून हायबीम मारत पिकअप येतो. त्या दोन-तीन सेकंदांत ट्रॉली दिसणं आणि गाडी सरळ थांबणं याला किंमत आहे. म्हणून हेडलाइट चांगले, एबीएस, एअरबॅग आणि मजबूत सांगाडा, या चार गोष्टींवर तडजोड करू नका. टचस्क्रीन आणि अलॉय व्हील यांवर हवी तेवढी करा.

आता सीएनजी का. महिन्याला २३ दिवस धरले तर शाळेचेच १,२६५ किलोमीटर होतात. बाजार, माहेर, दवाखाना धरून १,५०० समजा. हिशेबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९५ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा आजचा भाव टाकून तुम्ही पुन्हा मांडा. छोटी पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १७ चा अ‍ॅव्हरेज देईल असं म्हटलं तर महिन्याला साधारण ९,२५० रुपये लागतात. सीएनजीवर किलोला २५ धरला तर ५,७००. महिन्याला साडेतीन हजारांचा फरक. सीएनजी व्हेरिएंट ९०-९५ हजारांनी महाग असतं, म्हणजे ते जास्तीचे पैसे सव्वादोन वर्षांत वसूल. महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्याला मी हे कधीच सांगणार नाही. त्याची वसुली व्हायला आठ वर्षं लागतील.

सीएनजीचा त्रासही आहे. पंपावर रांग असते, तेव्हा शाळेला जाताना भरायची नाही, रात्री जेवणानंतर किंवा पहाटे भरून ठेवायची. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करावी लागते, ती तारीख लिहून ठेवा. आणि डिकी जाते. तुम्हाला वह्यांचे गठ्ठे न्यावे लागत असतील, तर ज्यात दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवलेल्या असतात अशी गाडी बघा. टाटा आणि ह्युंदाई या दोन्ही कंपन्यांच्या काही गाड्यांत तशी सोय आहे.

नाव घेऊन सांगायचं तर तुमच्या बजेटमध्ये टियागो, वॅगन आर, सेलेरिओ या तिघी सीएनजीत मिळतात. माझा कल टियागोकडे आहे, कारण तुमचा रस्ता. टियागोला २०२० मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले होते, वॅगन आरला २०२३ मध्ये एक. त्यानंतर वॅगन आरला सहा एअरबॅग आल्या हे खरं, पण एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॅगन आरचं बसणं उंच, चढ-उतर सोपी, पुढचं सगळं नीट दिसतं. कंबरदुखी असलेल्या बाईला हा फायदा छोटा नाही. तेव्हा दोन्हींत बसून बघा, आणि शोरूमच्या भोवती एक फेरी मारून 'छान आहे' म्हणू नका. अर्धा तास मागून घ्या. सीट पुढे ओढल्यावर क्लच पूर्ण दाबताना गुडघा कुठे लागतो का, आरशात मागची काच पूर्ण दिसते का, द्वारकेसारख्या गर्दीत सतत क्लच दाबून पाय किती दमतो, हे बघा. पाय दमत असेल तर ऑटो गिअरची म्हणजे एएमटीची फेरी घ्या. टियागोत ती सीएनजीसोबतही मिळते. आणि टेस्ट ड्राइव्हला एकट्या जा, किंवा मैत्रिणीला न्या. घरचं कुणी नको.

इलेक्ट्रिकचा विचार तुमच्या मनात आला असेल. रोज ठरलेले ५५ किलोमीटर हे तिच्यासाठी अगदी योग्य अंतर आहे. सोसायटी तुमच्या पार्किंगला तुमच्या मीटरवरून पॉइंट घेऊ देत असेल तर जरूर बघा, नाहीतर विषय सोडा.

पैशांकडे येऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरचा कर २९ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यामुळे छोट्या नव्या गाड्या स्वस्त झाल्या, पण जुन्या गाड्या विकणारे अजून आधीच्या नव्या किमतीच्या हिशेबाने भाव सांगतात. साडेपाच लाखांची जुनी आणि सात लाखांची नवी यांतलं अंतर वाटतं तेवढं मोठं राहिलेलं नाही.

सात लाख ऑन रोड धरा. साडेतीनपैकी अडीच लाख भरा, एक लाखाला हात लावू नका. ते घरातल्या आजारपणाचे पैसे आहेत, गाडीचे नाहीत. साडेचार लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ९,३४० रुपये आणि एकूण व्याज एक लाख दहा हजार. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ७,२४० वर येतो, पण व्याज एक लाख ५८ हजारांवर जातं. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी गाडीला टायर, बॅटरी, क्लच लागायला लागतं आणि हप्ताही चालूच असतो. मिस्टरांना हे आकडे कागदावर दाखवा. हप्ता ९,३४०, गॅस ५,७००, आणि विमा-सर्व्हिस-टायर यांसाठी महिन्याला बाजूला ठेवायचे अडीच हजार: साडेसतरा हजार झाले. तुमच्या पगाराचा तिसरा हिस्सा. याच्या वर जायचं नाही, म्हणून मोठी नवी गाडी बाद.

एक मात्र सांगते, ही बचत नाही. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्या खर्चापुढे गाडी कधीच स्वस्त पडणार नाही. तुम्ही रोजचे दोन तास आणि स्वतःची कंबर विकत घेताय. ते घ्यावेत, हे माझं ठाम मत आहे. घरात कुणी तिकिटाचा हिशेब काढला तर तो बरोबर आहे म्हणा आणि तरी घ्या.

कर्जाच्या टेबलावर एक शब्द कान देऊन ऐका: फ्लॅट. 'मॅडम, सातच टक्के' असं कुणी म्हणालं तर विचारा, फ्लॅट की रिड्युसिंग, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज. सात टक्के फ्लॅटने साडेचार लाखांवर पाच वर्षांत एक लाख ५७ हजार व्याज होतं, म्हणजे नऊ टक्के रिड्युसिंगपेक्षा ४७ हजार जास्त. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. तुमचा पगार ज्या बँकेत होतो तिथे शोरूमच्या आधी जाऊन या. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, तेही लेखी घ्या.

कोटेशन ओळीओळीने मागा. एक्स शोरूम किंमत, रोड टॅक्स (पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, सीएनजीला त्याहून कमी, तेव्हा कुठला लावलाय ते बघा), रजिस्ट्रेशन, फास्टॅग, विमा. याखाली 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'किट' अशा ओळी दिसल्या की त्या कशाच्या, हे विचारा आणि काढायला लावा. सीट कव्हर आणि मॅट बाहेर निम्म्यात होतात. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावा लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेता येतो. झिरो डेप घ्याच, म्हणजे क्लेममध्ये पार्टच्या झिजेचे पैसे कापले जात नाहीत. आपल्याकडे पावसात पुलाखाली आणि सखल रस्त्यांवर पाणी साचतं, म्हणून इंजिन प्रोटेक्टही घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. आणि किरकोळ घासलेल्या बंपरसाठी क्लेम करू नका, नाहीतर पुढच्या वर्षीची २० टक्के नो क्लेमची सवलत जाते.

आता नावाबद्दल, आणि हे कृपया दोनदा वाचा. विम्यासोबत मालक-चालकासाठी १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते ज्याच्या नावावर आरसी आणि ज्याच्याकडे लायसन्स, त्याचं. गाडी मिस्टरांच्या नावावर आणि रोज दिंडोरी रस्त्यावर तुम्ही, असं झालं तर ते संरक्षण तुमचं नाही. घरात कुणाला वाईट वाटेल म्हणून ही गोष्ट सोडू नका. वाईट वाटू नये म्हणून हेच कारण सांगा, ते खरंही आहे.

पाडवा उत्तम. पाडव्यानंतर महिना-दीड महिन्यात सुट्टी लागते आणि सरावाला पूर्ण मे महिना मिळतो. फक्त पाडव्याच्या दिवशी शोरूममध्ये पेढ्यांची आणि फोटोंची इतकी गर्दी असते की गाडी तपासायला कुणाला वेळ नसतो. म्हणून चार दिवस आधी, पासिंग होण्यापूर्वी, यार्डात जाऊन दिवसाउजेडी तुमचीच गाडी बघा. चॅसी नंबर लिहून घ्या आणि बिलावरचा त्याच्याशी जुळवा. उत्पादनाचा महिना विचारा. मार्चमध्ये घेताना मागच्या डिसेंबरची गाडी गळ्यात पडू शकते, आणि आरसीवर तोच महिना छापून येतो, विकताना गाडी एका वर्षाने जुनी धरली जाते. तशी घ्यायची तर किंमत पाडूनच. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा. रंगावर तिरप्या उजेडात नजर फिरवा, सगळ्या काचा खालीवर करा, एसी दहा मिनिटं चालवा. काही खटकलं तर पासिंग झाल्यावर कुणी ऐकत नाही, आधी ऐकतात.

एवढं करूनही बजेट बसलं नाहीच, तर तीन-चार वर्षांची, पहिल्याच मालकाची, एमएच १५ पासिंगची छोटी गाडी बघा. आपल्या विश्वासाच्या गॅरेजवाल्याला सोबत न्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसचा इतिहास काढून घ्या, थकीत ई-चलन आणि बँकेचा बोजा ऑनलाइन तपासा. पूर्ण पैसे देण्याआधी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. नावावर होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे विम्याचा खर्च वेगळा धरा.

तुमच्या शाळेतल्या मॅडमबद्दल: गॅसचा खर्च महिन्याला वाटून घ्यायला हरकत नाही, पण सीटमागे भाडं ठरवू नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाड्याने माणसं न्यायला परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. आणि पहिले दोन महिने कुणालाच सोबत घेऊ नका. गप्पांत लक्ष जातं.

भीती हातातून जाते, ती सरावानेच. गाडी यायच्या आधी ड्रायव्हिंग स्कूलचा पंधरा दिवसांचा क्लास पुन्हा करा, 'लायसन्स आहे, फक्त हात बसवायचाय' असं सांगून. त्यांच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, म्हणून सुरुवात तिथेच. गाडी आल्यावर त्याच शिक्षकांना जास्तीचे पैसे देऊन तुमच्या गाडीत, तुमच्या रस्त्यावर बसवा: रविवारी पहाटे इंदिरानगर ते शाळा आणि परत. मग आडवारी, मग संध्याकाळी अंधार पडताना. शाळेच्या फाटकातून रिव्हर्स काढणं वेगळं शिका, कारण तिथे मुलं असतात. मिस्टरांना शेजारी बसवून शिकू नका. प्रेमळ माणसंही शेजारच्या सीटवर बसली की ओरडतात, आणि त्यानंतर बायका वर्षानुवर्षं गाडी काढत नाहीत. अशा कितीतरी जणींची पत्रं माझ्याकडे येतात.

गडाचं मात्र पहिल्या आठवड्यात नाही म्हणा. सासूबाईंना सांगा, देवीला जायचंच आहे, जूनच्या आधी मीच घेऊन जाईन. नांदुरीपासूनचा घाट नवशिक्या हातांसाठी नाही, आणि चैत्रात यात्रेमुळे तिथे गर्दीही असते. मे महिन्यात आडवारी सकाळी निघा, घाट लागण्याआधी गाडी सीएनजीवरून पेट्रोलवर घ्या, चढायला जोर मिळतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक थांबून थांबून लावा. सतत पाय ठेवला तर ब्रेक तापून पकड सोडतात. आणि त्या दिवशी दिरांना मागच्या सीटवर बसवा, सीट बेल्ट लावून.